रांगेत आधी कोण? इव्हेंट क्यू आणि ऑटोमेटेड टेस्टिंगची चाळीस वर्षं

"ताई, पीएच.डी.ला प्रोग्रामिंग किती लागतं?" हा प्रश्न एम.एस्सी.ची मुलं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: लिहिता थोडं कमी आलं तरी चालतं, पण आपण लिहिलेलं बरोबर चालतंय की नाही हे तपासता आलं पाहिजे. आज त्या तपासण्याचा इतिहास सांगणार आहे. लेख जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मी फिजिक्सची. लॅबमध्ये नमुन्यांची रीडिंग घेण्यासाठी मी पायथन आणि क्यूटी टूलकिट वापरून एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. स्क्रीनवर नमुन्याचं नाव लिहायचा एक चौकोन, एक 'सुरू' बटण आणि एक 'पुढचा नमुना' बटण. उपकरणाला रीडिंग द्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम वेगळ्या थ्रेडवर टाकलं होतं. रीडिंग आलं की चौकोनात जे नाव असेल त्यापुढे ते फाइलमध्ये लिहिलं जायचं.

मग त्याची ऑटोमेटेड टेस्ट लिहिली. खऱ्या उपकरणाऐवजी खोटं रीडिंग देणारा कोड, बटणं दाबणार टेस्टच, आणि शेवटी फाइल तपासायची. माझ्या लॅपटॉपवर टेस्ट पास. लॅबमधल्या जुन्या मशीनवर मात्र अधूनमधून फेल. परत चालवली की पास! मी काय केलं असेल? दोन क्लिकच्या मध्ये 'दोन सेकंद थांब' अशी एक ओळ घातली. टेस्ट पास व्हायला लागली आणि मी विषय सोडून दिला.

काही महिन्यांनी गाइड मॅडम कोड बघायला बसल्या. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे दोन सेकंद कुठून आणलेस गं? तीन का नाहीत? अर्धा का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी १९८३ पर्यंत मागे गेले. तो प्रवास आता तुमच्यासाठी लिहिते.

आधी रांग समजून घेऊ

कॉलेजात आपण शिकतो तो प्रोग्राम वरून खाली चालतो. इनपुट घेतो, हिशोब करतो, उत्तर छापतो, संपतो. ग्राफिकल प्रोग्राम तसा नसतो. तो सुरू होतो आणि वाट बघत बसतो. माउस हलला, कळ दाबली, टायमर वाजला, खिडकीवरची दुसरी खिडकी बाजूला झाली, अशी प्रत्येक घटना म्हणजे एक 'इव्हेंट'. या इव्हेंट एका रांगेत उभ्या राहतात. प्रोग्राममधलं एक चक्र, म्हणजे इव्हेंट लूप, रांगेतून एकेक इव्हेंट उचलतं आणि तिचं काम करतं.

आपल्याला वाटतं, रांग म्हणजे जो आधी आला तो आधी. पण इथेच फसायला होतं. जवळजवळ कुठल्याच टूलकिटमध्ये ही रांग साधी नसते, आणि ती साधी नसण्याला चांगली कारणं असतात.

१९८३: मॅकिंटॉशमधलं माकड

ॲपलचा पहिला मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आला. त्यात मेमरी होती फक्त १२८ किलोबाइट. तेवढ्यात सिस्टिम, प्रोग्राम आणि चित्रं सगळं बसवायचं होतं. मेमरी संपत आली की प्रोग्राम कसा वागतो हे तपासणं गरजेचं होतं, आणि माणसाने तासन्‌तास क्लिक करत बसणं शक्य नव्हतं.

१९८३ मध्ये मॅकच्या टीममधल्या स्टीव्ह कॅप्स यांनी यावर एक युक्ती काढली. नव्या ग्राहकाला मशीन शिकवणाऱ्या 'गाइडेड टूर'साठी सिस्टिममध्ये एक सोय केलेली होती: माणसाने केलेल्या क्रिया नोंदवायच्या आणि नंतर जशाच्या तशा पुन्हा घडवायच्या. तिला जर्नलिंग म्हणत. कॅप्स यांच्या लक्षात आलं, की याच वाटेने नोंदवलेल्या क्रियांऐवजी वाटेल त्या क्रिया आत सोडता येतील. त्यांनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचं नाव 'मंकी'. अदृश्य माकड मशीनवर बसलंय आणि माउस, कीबोर्ड बडवतंय असं दिसायचं. पुढे त्यांनी त्याला जरा शिस्त लावली, म्हणजे इतके टक्के इव्हेंट मेनूच्या, इतके टक्के खिडकी ओढायच्या, असं वाटप ठरवलं.

माकडाने 'क्विट' दाबलं तर टेस्ट तिथेच संपणार! म्हणून बिल ॲटकिन्सन यांच्या सूचनेवरून 'मंकीलिव्ह्ज' नावाची एक खूण सिस्टिममध्ये ठेवण्यात आली. ती खूण दिसली की मॅकपेंटसारखे प्रोग्राम क्विट हा पर्याय बंद ठेवत. टेस्ट चालू आहे हे प्रोग्रामला कळणं चांगलं की वाईट, हा वाद आजही चालतो. त्याची सुरुवात इतकी जुनी आहे.

मला यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. जर्नलिंगमध्ये फक्त क्लिक आणि कळा नोंदवल्या जात नसत. प्रोग्राम सिस्टिमला जे पाच प्रश्न विचारू शकतो, त्यांची उत्तरं नोंदवली जात: पुढची इव्हेंट कोणती, माउस कुठे आहे, बटण दाबलेलं आहे का, कीबोर्डवर कोणत्या कळा दाबलेल्या आहेत, आणि घड्याळात किती टिक झाले. म्हणजे वेळसुद्धा! प्रयोग पुन्हा तसाच घडवायचा तर घड्याळही त्या प्रयोगाचाच भाग धरावं लागतं, हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं. मला ते कळायला पीएच.डी.ची तीन वर्षं गेली.

ओटा शेवटी पुसायचा

आता मॅकच्या रांगेचा क्रम बघा. प्रोग्रामने पुढची इव्हेंट मागितली की सिस्टिम आधी बघायची, एखादी खिडकी पुढे आणायची किंवा मागे सारायची आहे का. त्यानंतर माउस, कीबोर्ड, डिस्क घातल्याची सूचना वगैरे. या मात्र खरोखर आल्या त्या क्रमाने. मग कळ दाबून धरल्यामुळे होणारी पुनरावृत्ती. आणि सगळ्यात शेवटी खिडकी पुन्हा रंगवायची इव्हेंट, म्हणजे 'अपडेट'.

ही अपडेट इव्हेंट तर रांगेत उभीच नसायची. खिडकीचा कोणता भाग खराब झाला आहे याची नोंद वेगळीकडे ठेवलेली असे. दुसरं काहीच काम उरलं नाही की सिस्टिम ती नोंद बघून अपडेट इव्हेंट तयार करून द्यायची.

असं का? घरातलं उदाहरण घ्या. प्रत्येक पोळी लाटल्यावर ओटा पुसत बसलं तर स्वयंपाक दुपारपर्यंत आटोपणार नाही. सगळ्या पोळ्या झाल्या की एकदाच ओटा पुसायचा. स्क्रीन रंगवणं तेव्हा फार महाग काम होतं. दहा बदल झाले तर दहा वेळा रंगवण्यापेक्षा शेवटी एकदाच रंगवावं. ही पद्धत पुढे सगळीकडे गेली. विंडोजमध्ये रंगवायचा मेसेज आणि टायमरचा मेसेज बाकीच्यांच्या मागे राहतात. जीटीकेखालच्या जीलिबमध्ये प्राधान्याला सरळ आकडे आहेत: सामान्य इव्हेंटला ०, मांडणी बदलायला ११०, रंगवायला १२०. आकडा जितका लहान तितका मान मोठा. मांडणी आधी आणि रंगवणं नंतर, हे दहाच्या फरकाने पक्कं केलेलं आहे.

टेस्ट लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ काय? बटण दाबल्यावर लगेच स्क्रीनचा फोटो घेतला तर तो जुनाच असू शकतो. प्रोग्राम चुकलेला नाही. तुम्ही ओटा पुसायच्या आधीच स्वयंपाकघरात आलात, इतकंच.

आणखी एक गोष्ट. मॅकची ही रांग मुळात २० इव्हेंटपुरतीच होती. ती भरली की जुन्या इव्हेंट टाकून दिल्या जात. म्हणजे 'क्लिक झाली' आणि 'प्रोग्रामला क्लिक मिळाली' ही दोन वेगळी विधानं आहेत. संशोधनात आपण अशी दोन विधानं किती सहज एक करून टाकतो, याचा विचार करा.

एक्स विंडो: मध्ये नेटवर्क आलं

मॅकमध्ये निदान सगळं एकाच पेटीत होतं. १९८४ मध्ये एमआयटीत रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू केलं. त्याची अकरावी आवृत्ती, एक्स११, सप्टेंबर १९८७ मध्ये आली. त्यात प्रोग्राम एका मशीनवर आणि स्क्रीन दुसऱ्या मशीनवर असू शकत होती. प्रत्येक कामासाठी उत्तराची वाट बघत बसलं तर नेटवर्कवर सगळं रखडलं असतं. म्हणून प्रोग्रामने मागण्या पाठवत राहायचं आणि उत्तरं येतील तेव्हा येतील, अशी रचना झाली.

आता 'खिडकी दाखव' असं प्रोग्रामने सांगितलं, ती ओळ पूर्ण झाली, तरी खिडकी दिसतेच असं नाही. मागणी अजून प्रोग्रामच्याच बफरमध्ये असेल, वाटेत असेल, किंवा विंडो मॅनेजर नावाचा तिसराच प्रोग्राम ती कुठे ठेवायची याचा विचार करत असेल. खिडकी खरंच मांडली गेली की तशी इव्हेंट परत येते. तिची वाट न बघता जी टेस्ट क्लिक करते ती हवेत क्लिक करते.

इथे मला फिजिक्सवाली म्हणून फार आनंद झाला, कारण याचं मूळ १९७८ च्या एका प्रसिद्ध पेपरमध्ये आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी वेगवेगळ्या मशीनवर घडणाऱ्या घटनांचा क्रम कसा लावायचा हे त्यात मांडलं. त्यांचं म्हणणं असं: घड्याळांवर विसंबू नका. 'अ' आधी घडलं आणि 'ब' नंतर, असं म्हणायला फक्त तीन कारणं चालतील. एक, दोन्ही एकाच प्रक्रियेत त्या क्रमाने घडली. दोन, 'अ'ने संदेश पाठवला आणि 'ब' म्हणजे तो संदेश मिळणं. किंवा तीन, अशाच दुव्यांची साखळी 'अ'पासून 'ब'पर्यंत पोचते. यातलं काहीच नसेल तर त्या दोन घटनांना क्रमच नाही. सापेक्षता सिद्धांत शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लॅम्पोर्ट यांनाही ही कल्पना तिथूनच सुचली होती.

एक्समध्ये टेस्टिंगचा आणखी एक प्रश्न उघड झाला. एक प्रोग्राम दुसऱ्याला बनावट इव्हेंट पाठवू शकत होता, पण तशा इव्हेंटवर 'ही पाठवलेली आहे' अशी खूण लागायची. टर्मिनलचा प्रोग्राम एक्सटर्म सुरक्षेसाठी अशा इव्हेंट मुळातच दुर्लक्षित करतो. मग टेस्ट कशी करायची? त्यासाठी एक्सटेस्ट नावाची वेगळी जोड आली. ती सर्व्हरलाच सांगते, की समज खरंच कळ दाबली गेली. म्हणजे खोटी इव्हेंट कुठल्या दारातून आत येते यावर टेस्टचा अर्थ ठरतो. मागच्या दाराने आलेली इव्हेंट रांगेतले काही टप्पे चुकवते, आणि नेमके तेच टप्पे तपासायचे राहून जातात.

टीके: रांगेत कुठे उभं करायचं ते तुम्ही सांगा

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल भाषा आणि तिच्यावर टीके टूलकिट बनवलं. पायथनमध्ये टीकिंटर वापरलं असेल तर तुम्ही त्यांचंच काम वापरलं आहे. टीकेमध्ये इव्हेंट तयार करायची एक आज्ञा आहे आणि तिला 'कधी?' असं सांगता येतं. चार उत्तरं चालतात. 'नाउ' म्हणजे रांग सोडून, आत्ताच. 'टेल' म्हणजे शेवटी. 'हेड' म्हणजे सगळ्यांच्या पुढे. आणि 'मार्क' म्हणजे बाकीच्यांच्या पुढे, पण याआधी 'मार्क' म्हणून घातलेल्यांच्या मागे.

हे 'मार्क' का लागलं, एक मिनिट थांबून विचार करा. तीन कळा पाठवायच्या आहेत: क, ख, ग. तिन्ही 'हेड' म्हणून पाठवल्या तर प्रत्येक नवी कळ आधीच्या कळेच्या पुढे घुसते, आणि प्रोग्रामला मिळतं ग, ख, क. 'टेल' म्हणून पाठवल्या तर आधीपासून रांगेत असलेली माणसाची क्लिक त्यांच्या आधी जाते. 'मार्क'ने दोन्ही साधतं. इतका बारीक विचार रांगेच्या बाबतीत कुणालातरी करावा लागला, याचाच अर्थ आधी कुणीतरी तिथे आपटलं असणार.

जावा: दोन दिशांची गाडी

१९९६ मध्ये जावा आली ती थ्रेड बरोबर घेऊन. तिचं पहिलं टूलकिट, एडब्ल्यूटी, कुठल्याही थ्रेडवरून वापरता यावं अशी सुरुवातीला इच्छा होती. ते जमलं नाही. सन कंपनीतले ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये त्याचं कारण छान मांडलं. प्रोग्रामची कामं वरून खाली जातात: तुमचा कोड, मग टूलकिट, मग ऑपरेटिंग सिस्टिम. इव्हेंट मात्र खालून वर येतात. दोघेही वाटेत कुलपं लावत जातात, पण उलट क्रमाने. मग एक दिवस दोघं समोरासमोर येतात आणि कुणीच हलत नाही. घाटातल्या एकेरी रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ट्रक शिरले की जे होतं तेच.

म्हणून पुढे स्विंगमध्ये नियम झाला: स्क्रीनला हात लावायचा तर तो एकाच थ्रेडवरून. बाकीच्यांनी आपलं काम रांगेत टाकायचं. आज बहुतेक टूलकिट हाच नियम पाळतात.

टेस्टिंगसाठी जावाच्या १.३ आवृत्तीत 'रोबोट' आला. तो प्रोग्रामच्या रांगेत इव्हेंट टाकत नाही, खालच्या पातळीवर खरा माउस हलवतो. आणि त्यात एक महत्त्वाची सोय होती: 'वेट फॉर आयडल', म्हणजे आत्ता रांगेत असलेल्या इव्हेंट संपेपर्यंत थांब. सेकंद मोजू नकोस, रांगेकडे बघ.

बरीच मोठी सुधारणा होती ही. पण त्यातल्या 'आत्ता' या शब्दाकडे लक्ष द्या. माझी चूक तिथेच होती, तिच्याकडे पुन्हा येते.

"थांब" पासून "झालं का?" पर्यंत

क्यूटीचं काम नॉर्वेत हॉवर्ड नोर्ड आणि आयरिक चांबे-एंग यांनी १९९१ मध्ये सुरू केलं, आणि १९९५ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. २००५ च्या अखेरीस आलेल्या ४.१ आवृत्तीत त्याची स्वतःची टेस्ट लायब्ररी आली. तिच्यात 'इतके मिलिसेकंद थांब' असं एक फंक्शन आहे. ते नुसतं झोपत नाही, त्या वेळात रांगही चालू ठेवतं. पुढे त्याच्या जोडीला वेगळ्या प्रकारची साधनं मिळाली. त्यातलं एक म्हणतं, ही अट खरी होते का ते पुन्हा पुन्हा बघ, झाली की लगेच पुढे जा, आणि पाच सेकंदांत झाली नाही तर फेल कर.

दोन्हींत सेकंद आहेत, मग फरक काय? पहिल्यात सेकंद म्हणजे तुमचा अंदाज: एवढ्या वेळात होत असावं. दुसऱ्यात सेकंद म्हणजे फक्त सहनशक्तीची हद्द. टेस्टचं उत्तर अटीवरून ठरतं.

२०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी आणलेलं एस्प्रेसो याच दिशेने आणखी पुढे गेलं. ते प्रत्येक कृतीआधी मुख्य थ्रेडची रांग रिकामी आहे का बघतं आणि मागे चाललेली ठरावीक प्रकारची कामं संपली आहेत का बघतं. त्याला माहीत नसलेलं काम असेल, समजा तुमचा स्वतःचा डाउनलोड, तर ते तुम्ही त्याच्याकडे नोंदवायचं असतं. म्हणजे 'झालं' याची व्याख्या शेवटी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच द्यावी लागते. रिकामी रांग बघून ती कळत नाही.

अभ्यास काय सांगतात

कोड न बदलता कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टला 'फ्लेकी' म्हणतात. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अपाचेच्या ५१ प्रकल्पांमधले २०१ बदल तपासले, ज्यांत अशा टेस्ट दुरुस्त केल्या होत्या. कारण नीट ठरवता आलेल्या बदलांपैकी सुमारे ४५ टक्क्यांत मूळ एकच होतं: काहीतरी पूर्ण व्हायची नीट वाट न बघणं. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं, की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी फ्लेकीपणा आहे.

पण मला हलवून टाकणारा आकडा त्या २०१४ च्या पेपरमध्येच पुढे आहे. सुमारे २४ टक्के दुरुस्त्यांमध्ये टेस्ट नाही, तर मूळ प्रोग्राम बदलावा लागला होता. आणि त्यातल्या ९४ टक्के ठिकाणी प्रोग्राममध्ये खरीच चूक होती. म्हणजे टेस्ट लहरी नव्हती. ती खरं बोलत होती, फक्त रोज बोलत नव्हती.

मग अशा चुका योगायोगाने सापडायची वाट न बघता मुद्दाम शोधता येतील का? तिथे लॅम्पोर्ट परत येतात. २०१३ मध्ये इव्हेंटरेसर नावाच्या कामात वेब पेजमधल्या इव्हेंटसाठी 'आधी घडलं' हे नातं बसवून, ज्यांना क्रमच नाही पण ज्या एकाच गोष्टीला हात लावतात अशा जोड्या शोधल्या गेल्या. २०१४ मध्ये बेंगळुरूच्या आयआयएससीमधल्या पल्लवी मैया आणि आदित्य कानडे यांनी रूपक मजुमदार यांच्यासोबत अँड्रॉइडसाठी ड्रॉइडरेसर मांडलं. त्यात थ्रेड आणि इव्हेंटची रांग या दोघांचा क्रम एकत्र धरला आहे. "असं संशोधन आपल्याकडे होतं का?" असं विचारणाऱ्यांनी हा पेपर जरूर वाचावा.

माझ्या दोन सेकंदांचं काय झालं

आता माझ्या टेस्टकडे येऊ. दोन क्लिकच्या मध्ये मी 'रांगेत आहे ते संपव' अशी एक ओळ आधीपासून लिहिलेली होती. लॅपटॉपवर तोपर्यंत दुसऱ्या थ्रेडकडून रीडिंग रांगेत येऊन पडायचं, म्हणून पहिल्याच नमुन्याच्या नावावर लिहिलं जायचं. जुन्या मशीनवर ते कधीकधी अजून आलेलंच नसायचं. रांग रिकामी, पण काम बाकी! टेस्ट 'पुढचा नमुना' दाबायची, चौकोनातलं नाव बदलायचं, आणि मग आलेलं पहिल्या नमुन्याचं रीडिंग दुसऱ्याच्या नावावर जायचं.

लक्षात आलं का? ही टेस्टची चूक नव्हतीच. माणसानेही घाईत 'पुढचा नमुना' दाबलं तर हेच होणार होतं. आणि संध्याकाळी उशिरा, शेवटचे नमुने संपवायच्या घाईत, ते दाबणारी मीच होते. टेस्ट मला महिनाभर हेच सांगत होती. मी तिला दोन सेकंद देऊन गप्प बसवलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "वही आण." मी रीडिंग घेताना आकडा वहीतही लिहायची, ही जुन्या प्रॅक्टिकलची सवय. दोन दिवस बसून मी वही आणि फाइल ओळीने ताडून पाहिली. तीन ठिकाणी फरक निघाला. त्यातलं एक रीडिंग माझ्या पेपरच्या मसुद्यातल्या आलेखात होतं, आणि त्या बिंदूचं मी एका परिच्छेदभर स्पष्टीकरण दिलं होतं. फिजिक्सच्या भाषेत, अगदी पटेल असं! तो परिच्छेद काढून टाकताना जे वाटलं ते मी विसरणार नाही. नसलेल्या घटनेचं कारण मी शोधून काढलं होतं.

दुरुस्ती छोटी होती. 'सुरू' दाबतानाच नमुन्याचं नाव त्या मोजणीसोबत बांधून टाकलं. रीडिंग परत येतं ते आपलं नाव घेऊनच. आता चौकोनात काहीही असो. टेस्टमधले दोन सेकंद काढले आणि 'या नमुन्याचं रीडिंग फाइलमध्ये लिहून झालं' या सिग्नलची वाट बघायला लावलं. शिवाय एक नवी टेस्ट लिहिली, जी मुद्दाम रीडिंग उशिरा देते आणि आधीच 'पुढचा नमुना' दाबते. जी वेळ क्वचित यायची ती आता दर वेळी आणते.

तुम्ही यातून काय घ्याल

तुम्ही कॉम्प्युटर सायन्सचे असा किंवा नसा, संशोधनात कुठेतरी सॉफ्टवेअर लिहालच. तेव्हा या गोष्टी वहीत लिहून ठेवा.

कोडमध्ये 'इतके सेकंद थांब' असं लिहिताना स्वतःला विचारा, मी नेमकी कशाची वाट बघतेय? उत्तर देता आलं तर सेकंदांऐवजी त्या गोष्टीचीच वाट बघा. उत्तर देता आलं नाही तर आपल्याला आपला प्रोग्राम अजून समजलेला नाही.

दोन गोष्टींचा क्रम गृहीत धरला असेल तर तो क्रम कोण पाळतं ते शोधा. एकच रांग? एखादा संदेश? की फक्त 'आजपर्यंत तसंच होत आलंय'?

बाहेरून आलेल्या प्रत्येक आकड्यासोबत त्याची ओळख पाठवा. तो पोचेपर्यंत स्क्रीनवर काय असेल यावर विसंबू नका.

आणि टेस्ट एकदा फेल, नंतर पास झाली तर 'परत चालवली, झाली' म्हणून सोडू नका. तारीख, मशीन आणि तेव्हा काय चालू होतं हे लिहून ठेवा. नको असलेलं रीडिंग आपण कारण न देता खोडत नाही ना? मग फेल झालेली टेस्टही खोडायची नाही.

गाइड मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी दिलं. त्या दोन सेकंदांना काहीच आधार नव्हता. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरं. आता बाकीच्या कोडमध्ये असे अजून किती आहेत ते शोध." अकरा निघाले. त्यातले चार अजून बाकी आहेत, त्यामुळे पुढचा लेख यायला जरा उशीर होईल.